आपलं नुकसान करणाऱ्या सवयी सुटत का नाहीत?

एक ईमेल आलेला असतो. उत्तर लिहायला दहा मिनिटं पुरतील, पण त्यात काहीतरी अवघड आहे. कुणाला नकार कळवायचा आहे, किंवा आपल्याकडून राहून गेलेलं काम कबूल करायचं आहे. आपण तो उघडतो, दोन ओळी वाचतो आणि बंद करतो. 'संध्याकाळी निवांत बघू.' त्या क्षणी नेमकं काय घडतं, याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. त्या क्षणी बरं वाटतं. दडपण उतरतं. संध्याकाळी ते परत येतं, जरा वाढूनच येतं, कारण आता उत्तराबरोबर उशीर का झाला हेही सांगायचं असतं. तरी सकाळचं ते बरं वाटणं खरं होतं, आणि मेंदूने त्याची नोंद करून ठेवलेली असते.

स्वतःचं नुकसान करणाऱ्या सवयींबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यात हा क्षण बहुतेक वेळा निसटतो. मग आळस, शिस्तीचा अभाव, कमकुवत इच्छाशक्ती अशी कारणं उरतात. माझ्या मते ही कारणं चुकीची आहेत आणि घातकही आहेत, कारण स्वतःला आळशी म्हणून घेतल्याने कुणाचं अडलेलं काम सुरू झाल्याचं मी पाहिलेलं नाही. चालढकल, सततची काळजी, सगळं अचूकच हवं हा हट्ट, 'मला जमणारच नाही' असं ठरवून बसणं, नकोशा गोष्टीत अडकून राहणं, रात्री उगीच जागत बसणं. वरवर पाहिलं तर या सवयींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. पण यातली प्रत्येक सवय आपल्याला काहीतरी देते आणि लगेच देते. किंमत मात्र ती नंतर, थोडीथोडी वसूल करते.

सुटका कशी शिकवते

एखाद्या कृतीनंतर काही चांगलं मिळालं की ती पुन्हा करावीशी वाटते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या कृतीनंतर काही त्रासदायक थांबलं, तरीही ती कृती तितकीच पक्की होते. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. नाव जड आहे, अनुभव रोजचा आहे. फोन वाजतो, स्क्रीनवर नको असलेलं नाव दिसतं, आपण फोन उलटा ठेवतो. धडधड थांबते. फोन उलटा ठेवणं ही कृती आता मेंदूच्या लेखी उपयोगी ठरली.

ओ. होबार्ट मॉवरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये याची दोन टप्प्यांत मांडणी केली. पहिल्या टप्प्यात एखाद्या गोष्टीला भीती चिकटते. वर्गात उत्तर चुकलं आणि सगळे हसले, एवढंही त्याला पुरतं. दुसऱ्या टप्प्यात ती गोष्ट टाळली की भीती उतरते, म्हणून टाळणं पक्कं होत जातं. आणि इथंच घोडं पेंड खातं. भीती कमी व्हायची असेल, तर ती गोष्ट पुन्हा करून पाहायला हवी आणि काही वाईट झालं नाही असा अनुभव यायला हवा. टाळणारा माणूस नेमका हाच अनुभव स्वतःला मिळू देत नाही. दहा वर्षं चारचौघांत न बोललेल्या माणसाकडे 'मी बोललो की फजिती होते' याचा दहा वर्षांपूर्वीचा एकच पुरावा असतो, आणि तो खोडून काढणारा एकही नसतो. त्यामुळे टाळलेली भीती जुनी होऊन विरत नाही. ती आहे तशीच राहते आणि तिच्याभोवतीचं आयुष्य आक्रसत जातं. आधी बैठकीत बोलणं थांबतं, मग बैठकीला जाणं, मग जिथे बोलावं लागेल अशा कामासाठी अर्ज करणंच.

दुसरा मुद्दा वेळेचा. जो परिणाम लगेच मिळतो, तो वागण्यावर जास्त खोल ठसा उमटवतो. सुटका काही सेकंदांत हाती येते आणि नुकसान काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसतं. शिवाय त्या नुकसानावर मूळ सवयीचं नाव लिहिलेलं नसतं. हुकलेली संधी नशिबाच्या खात्यात जाते. विरलेली मैत्री 'ज्याचा तो आपापल्या व्यापात' या खात्यात जाते आणि कायमचा थकवा वयाच्या. यातली काही स्पष्टीकरणं खरीही असतात, म्हणून तर फसगत होते. माणूस मूर्ख असतो म्हणून हे घडत नाही. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर पडलं की हुशारातल्या हुशारालाही त्यांचा संबंध जुळवता येत नाही.

त्यात भर म्हणजे यातलं बरंचसं आपण ठरवून करतच नाही. वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहभागी माणसांनी दिवसभर ठरावीक अंतराने आपण काय करतोय आणि मनात काय चाललंय हे टिपून ठेवलं. सुमारे ४३ टक्के कृती अशा निघाल्या, ज्या जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी होत होत्या आणि करताना मन बहुधा दुसरीकडेच होतं. म्हणजे 'आता हे टाळू या' असा निर्णय होतही नाही. हात आपोआप स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीकडे जातो आणि आपण तिथे पोचल्यावर आपल्याला कळतं.

चालढकल ही वेळेची अडचण नव्हे

काम पुढे ढकलणारा माणूस वेळेचं नियोजन शिकायला जातो. नवी डायरी येते, नवं ॲप येतं, रंगीत वेळापत्रक भिंतीवर लागतं. चार दिवसांनी ते वेळापत्रकही टाळण्याच्या यादीत जाऊन बसतं. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाचे टिमोथी पिचिल यांनी अनेक वर्षं चालढकलीचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की ही मुळात भावना हाताळण्याची अडचण आहे. कामाशी जोडलेला कंटाळा, भीती, गोंधळ किंवा अपमानाची शंका आपल्याला नको असते. काम बाजूला सारलं की ती भावनाही बाजूला सरते.

डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हे फार स्पष्ट दाखवतो. त्यांनी विद्यार्थ्यांवर संपूर्ण सत्रभर लक्ष ठेवलं. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा कमी तणावात होते आणि त्यांच्या तब्येतीच्या तक्रारीही कमी होत्या. आजचं मरण उद्यावर ढकलण्याचा फायदा त्यांना खरोखर मिळत होता. सत्र संपत आलं तसं चित्र फिरलं. त्यांचा तणाव आणि आजारपण इतरांपेक्षा वाढलं, सगळं मिळून हिशेब केला तर त्यांना त्रास जास्तच झाला, आणि गुण कमी पडले. यातला पहिला भाग लोक विसरतात. चालढकल सुरुवातीला काम करते. ती करत नसती, तर कुणीच केली नसती.

'अजून भरपूर वेळ आहे' हा अंदाजसुद्धा असाच दिलासा देतो. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल हे विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला. सगळंच वाईट घडलं तर किती लागतील, याचा सरासरी अंदाज सुमारे ४९ दिवस होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. सगळ्यात वाईट कल्पनाही वास्तवापेक्षा आशावादी निघाली. अंदाज करताना आपण समोरच्या कामाचं चित्र रंगवतो, मागच्या वेळी किती दिवस गेले होते ते आठवत नाही. म्हणून मला स्वतःला या बाबतीत एकच प्रश्न उपयोगी वाटतो: 'असंच काम मागच्या वेळी किती दिवसांत झालं होतं?' उत्तर जे येईल तोच अंदाज. त्यात 'पण या वेळी वेगळं आहे' अशी सूट घ्यायची नाही.

चालढकलीनंतर स्वतःला झोडपण्याची रीत आहे. त्याने पुढच्या वेळी अक्कल येईल अशी समजूत असते. मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून याच्या उलट निष्कर्ष मांडला. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. वरचा तर्क लावला तर हे उलगडतं. आधीच नकोशा वाटणाऱ्या अभ्यासाला जर स्वतःचा राग आणि लाजही चिकटली, तर पुढच्या वेळी पुस्तक उघडताना टाळण्याजोगं आणखी काहीतरी तयार असतं.

अंगण आधीच वाकडं करून ठेवणं

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो तेव्हा नाच फसल्यानंतरची सबब डोळ्यांसमोर असते. पण माणसं याच्या पुढे जातात. नाच सुरू होण्याआधीच अंगण स्वतःच्या हाताने वाकडं करून ठेवतात. या सवयीवर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण ती हुशार माणसांत फार दिसते आणि सहसा ओळखू येत नाही.

स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. काही जणांना सुटण्याजोगे प्रश्न दिले, तर काहींना असे प्रश्न दिले ज्यांना बरोबर उत्तरच नव्हतं. दोन्ही गटांना सांगितलं, तुम्ही फारच छान कामगिरी केलीत. दुसऱ्या गटाला हे यश कशामुळे मिळालं, ते समजण्याचा मार्गच नव्हता, कारण त्यांनी अंदाजाने उत्तरं ठोकली होती. मग सांगण्यात आलं की पुन्हा तशीच चाचणी आहे, पण त्याआधी एक औषध निवडा: एक बुद्धीला चालना देणारं, एक कामगिरी बिघडवणारं. ज्यांनी खरोखर प्रश्न सोडवले होते, त्यांचा कल मदत करणाऱ्या औषधाकडे होता. ज्यांना न कळलेलं यश मिळालं होतं, त्यांच्यातले बरेच जण, विशेषतः पुरुष, कामगिरी बिघडवणाऱ्या औषधाकडे वळले.

हे वेडेपण वाटेल, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. पुन्हा नीट प्रयत्न केला आणि अपयश आलं, तर 'मुळात माझ्यात तेवढी कुवत नाही' हे उघडं पडेल. औषध घेतलं आणि अपयश आलं, तर दोष औषधाचा. औषध घेऊनही यश आलं, तर मग काय बोलायलाच नको. दोन्हीकडून प्रतिष्ठा शाबूत. त्यात जाते ती फक्त यशाची शक्यता.

आता हेच रोजच्या आयुष्यात शोधा. मुलाखतीच्या आदल्या रात्री जागरण करणं. महत्त्वाचं काम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणं, म्हणजे ते सुमार झालं तरी 'एका दिवसात केलं, आणखी काय होणार' असं म्हणता येतं. सराव न करता मंचावर जाणं आणि सुरुवातीलाच 'मी काही तयारी केलेली नाही' हे जाहीर करणं. एकाच वेळी इतकी कामं अंगावर घेणं की कुठलंच नीट झालं नाही तरी कुणी बोट दाखवणार नाही. यातली शेवटची सवय तर कौतुकाचा विषय होते, कारण बाहेरून ती मेहनतीसारखी दिसते.

लहानपणी 'किती हुशार आहे' असं सतत ऐकलेल्या मुलांना हा सापळा विशेष लागू पडतो, असं मला वाटतं. प्रयोगातल्या दुसऱ्या गटासारखंच त्यांचंही असतं. कौतुक मिळालेलं असतं, ते कशामुळे मिळालं आणि पुन्हा कसं मिळवायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग आयुष्यभर ती हुशारी पणाला लावण्यापेक्षा सांभाळून ठेवण्याकडेच कल राहतो.

सगळं अचूकच हवं हा हट्ट याच घरातला. तो उच्च दर्जाची आस असल्याचा आव आणतो. चांगलं काम करण्याची आस असलेला माणूस काम पुरं करतो, दाखवतो, चुका कळल्या की सुधारतो. अचूकतेचा हट्ट धरणारा माणूस काम दाखवतच नाही, कारण दाखवलेल्या कामाचीच परीक्षा होते. ब्रिटनमधील संशोधक टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून पाहिली. १९८९ ते २०१६ या काळात हा हट्ट वाढत गेल्याचं त्यांना दिसलं, आणि त्यातही 'इतरांना माझ्याकडून अचूकतेची अपेक्षा आहे' ही भावना सर्वांत जास्त वाढली होती.

त्या 'इतरांबद्दल' एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्याला घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर त्याला विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना टी-शर्टवर कुणाचं चित्र होतं ते आठवत होतं. आपण ज्या नजरांना घाबरून हात आखडता घेतो, त्यातल्या बऱ्याच नजरा स्वतःचाच टी-शर्ट सांभाळण्यात गुंतलेल्या असतात.

घोळत बसणं

झालेलं बोलणं मनात पुन्हा पुन्हा वाजवणं, 'मी तसं का म्हणालो', 'माझ्याच बाबतीत असं का होतं' हे घोळवत राहणं. यात तर काहीच टाळलेलं दिसत नाही, उलट माणूस त्या प्रश्नाला चिकटलेला दिसतो. मग सुटका कसली? सुटका अशी की विचार करत असताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं. ज्या व्यक्तीशी बोलायचं आहे तिला फोन लावायचा नसतो, जो निर्णय घ्यायचा आहे तो घ्यायचा नसतो, पण हात बांधून बसलोय असंही वाटू द्यायचं नसतं. घोळणं ही जागा भरून काढतं.

सुझन नोलेन-होक्सेमा यांनी याचा पाया घालणारं संशोधन केलं, आणि त्यात योगायोगाचा मोठा वाटा होता. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्या मनःस्थितीबद्दल आणि विचारांच्या सवयीबद्दल प्रश्नावली भरून घेतली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात लोमा प्रिएटा भूकंप झाला. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांना तपासलं. ज्यांना आधीपासून घोळत बसण्याची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त होती, आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनसुद्धा.

विचार करू नये असं यातून निघत नाही. उपयोगी विचार आणि घोळ यांतला फरक त्यांच्या शेवटावरून कळतो. उपयोगी विचार पुढच्या कृतीपाशी येऊन थांबतो: उद्या अमुक जणाला विचारतो, ही रक्कम तपासतो. घोळ फिरून सुरुवातीपाशी येतो. वीस मिनिटं विचार करूनही हातात एकही पुढचं पाऊल आलं नसेल, तर एकविसाव्या मिनिटात ते येण्याची शक्यता फारशी नसते.

काळजीचंही असंच, फक्त ती उद्याकडे तोंड करून असते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या लुकास लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांनी चिंताविकार असलेल्या २९ जणांना त्यांच्या काळज्या लिहून ठेवायला सांगितल्या आणि पुढे त्या खऱ्या ठरल्या का ते तपासलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. गट लहान होता, पण त्यातला धडा मोलाचा आहे: लिहून ठेवल्याशिवाय हे कुणालाच कळत नाही. काळजी केलेली गोष्ट घडली नाही की ती आपण विसरतो, किंवा त्याहून वाईट, 'काळजी केली म्हणूनच निभावलं' असं श्रेय काळजीला देतो. मग पुढच्या वेळी काळजी न करणंच धोक्याचं वाटायला लागतं.

'मला जमणारच नाही'

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा १९६७ मधला कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि क्रूरही. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्याने एक फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं जिथे एक लहानसा अडथळा ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने ती चटकन शोधली. दुसऱ्या गटातले बरेचसे कुत्रे तिथेच पडून राहिले. संशोधकांनी याला शिकलेली असहायता म्हटलं: काही केल्या काही होत नाही, हे ते कुत्रे शिकले होते.

पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. २०१६ मध्ये, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी, त्याच दोघांनी लिहिलं की आपली मूळ मांडणी उलटी होती. मधल्या काळात मेंदूवर झालेल्या कामातून असं दिसलं की दीर्घकाळ त्रास झाला की गप्प पडून राहणं ही सस्तन प्राण्यांची मुळातलीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते 'माझ्या कृतीने फरक पडतो' हे. मेंदूच्या पुढच्या भागाला नियंत्रणाचा अनुभव आला की तो त्या मूळ प्रतिक्रियेला आवर घालतो.

हा बदल मला फार मोठा वाटतो. हताश माणसाने काहीतरी चुकीचं शिकून घेतलंय आणि त्याला समजावून ते विसरायला लावायचं, असं आधीच्या मांडणीतून सुचत होतं. नव्या मांडणीनुसार समजावण्याला मर्यादा आहे. फरक पडतो हे ऐकून कळत नाही, स्वतःच्या हाताने काहीतरी हलवून कळतं. म्हणून 'सकारात्मक राहा' हा सल्ला हताश माणसाच्या कानावरून जातो, आणि एक रखडलेला अर्ज भरून पाठवला की त्याच माणसाचा दिवस थोडा वेगळा जातो.

पण इथेही सुटका आहेच. 'मला जमणारच नाही' असं एकदा ठरलं की प्रयत्न करायला नको, आशा धरायला नको आणि आशाभंगही नको. हा निष्कर्ष कडू असला तरी शांत करणारा असतो. तो सोडायचा तर काही काळ पुन्हा अनिश्चिततेत राहावं लागतं, आणि लोक इथेच मागे फिरतात.

नकोशा अभ्यासक्रमात, व्यवसायात किंवा नात्यात 'आता एवढी वर्षं घातलीत' म्हणून राहणं हेही याच जातीचं. बाहेर पडलं तर ती वर्षं वाया गेली हे आज मान्य करावं लागतं. राहिलं तर ते मान्य करणं टळतं. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये नाटकांच्या हंगामी तिकिटांवर हे तपासलं. काहींना सवलत दिली. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, आणि पैसे तर कुणालाच परत मिळणार नव्हते.

झोपेबद्दल थोडक्यात, पण ती या सगळ्याच्या तळाशी आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मागण्या पुरवल्यावर रात्रीचा तास 'माझा' वाटतो आणि तो सोडवत नाही. हान्स व्हान डाँगेन आणि सहकाऱ्यांचा २००३ मधला अभ्यास सांगतो की सलग चौदा रात्री सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची क्षमता दोन रात्रींपर्यंत अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली. धोका पुढेच आहे. आपण किती घसरलोय याचा त्यांना स्वतःला फारसा पत्ता नव्हता. असा थकलेला मेंदू दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळची सुटकाच निवडणार.

मग करायचं काय

पहिलं काम सवय मोडण्याचं नसून ती काय देते ते बघण्याचं. काही दिवस, टाळल्यावर लगेच फक्त एवढंच लिहायचं: आत्ता काय थांबलं? 'कंटाळा थांबला', 'त्याच्या रागाची भीती थांबली', 'मी मूर्ख दिसेन ही शंका थांबली'. बऱ्याच जणांच्या यादीत एकच भावना वेगवेगळ्या कामांच्या आडून पुन्हा पुन्हा येते. खरी गाठ तीच असते आणि ईमेल, फोन, अर्ज हे तिचे केवळ प्रसंग असतात.

मग त्या भावनेबरोबर थोडा वेळ राहायचं, एकदम सगळा वेळ नाही. ईमेलचं उत्तर पाठवायचं नाही असं ठरवून फक्त मसुदा लिहायचा. बैठकीत मत मांडायचं नाही, एक प्रश्न विचारायचा. भीतीवरच्या उपचारांत हाच मार्ग वापरतात: सोप्याकडून अवघडाकडे, आणि प्रत्येक पायरीवर भीती थोडी उतरेपर्यंत थांबून. भीती न टाळताही उतरते, हा अनुभव एकदा आला की टाळण्याची गरज कमी होते.

'उद्यापासून नक्की' या ठरावापेक्षा प्रसंगाला बांधलेला ठराव जास्त टिकतो. पीटर गोल्विट्झर यांनी त्याचा साचा दिला: अमुक झालं की मी तमुक करीन. 'सकाळी लॅपटॉप उघडला की सगळ्यात आधी तो अहवाल उघडीन.' त्यांनी आणि पॅस्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. कारण सरळ आहे: निर्णय आधीच झालेला असतो, त्यामुळे ऐन वेळी सुटकेशी वाटाघाट करावी लागत नाही. मात्र ठराव एकच असावा. एका आठवड्यात सहा सवयी बदलायला निघणं हा आधी सांगितलेला अंगण वाकडं करण्याचाच प्रकार आहे.

किती दिवस लागतात? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांची मध्यम संख्या ६६ होती, पण व्याप्ती १८ पासून २५४ पर्यंत होती. त्यामुळे २१ दिवसांची जी हमी सर्रास दिली जाते, तिच्यावर विसंबू नये. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने एकूण प्रगतीत फारसा फरक पडत नाही. ही माहिती फार कामाची आहे, कारण बहुतेक संकल्प चुकलेल्या दिवसाने मोडत नाहीत, त्यानंतरच्या 'आता मोडलंच आहे तर जाऊ दे' या वाक्याने मोडतात. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये हे आहारावर नियंत्रण ठेवणाऱ्यांत पाहिलं: आधी मिल्कशेक प्यायला लावल्यावर त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी खायच्या ऐवजी जास्त खाल्लं. नियम मोडला होता, म्हणजे त्या दिवसापुरतं सांभाळायचं काही उरलं नव्हतं. 'जाऊ दे' म्हणण्यातही सुटका असते.

जे आपलं आपण केलेलं नुकसान नसतं

हा विषय वाचताना प्रत्येक अडचण स्वतःच्या माथी मारून घेण्याची चूक होऊ शकते. दोन नोकऱ्या करून कमी झोपणारा माणूस रात्री चालढकल करत नसतो. घरात मारहाण होत असताना गप्प राहणारी व्यक्ती टाळाटाळ करत नसते, ती स्वतःला वाचवत असते, आणि तिला सवयींबद्दलच्या लेखाची नव्हे तर सुरक्षित जागेची आणि मदतीची गरज असते. पैशांची चणचण, आजारी माणसाची एकट्याने करावी लागणारी शुश्रूषा, अन्याय्य वरिष्ठ: यांत हात आखडणं हे अनेकदा परिस्थितीचं बरोबर वाचन असतं.

आणि काही वेळा सवयीसारखं दिसणारं मुळात आजार असतं. काम सुरूच न होणं, निर्णय न घेता येणं, माणसं टाळणं ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. लहानपणापासून लक्ष टिकत नसेल, वस्तू आणि वेळा सतत हातून सुटत असतील, तर त्यामागे लक्ष-न्यूनतेचा विकार असू शकतो, आणि तो मोठेपणीही ओळखता येतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहत असेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक बदलली असेल, तर वरचे उपाय करत बसण्याआधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणंच नको वाटत असेल, तर त्याच दिवशी. भेटीत 'मी आळशी झालोय' असं निदान आपण सांगू नये. कधीपासून, दिवसातून किती वेळ, कशाने वाढतं, आणि त्यापायी काय काय बंद पडलंय, एवढं लिहून न्यावं.